सर्व्हर ओ देईना

सर्व्हर गेला, असे शंतनु देशकरने जाहीर केले तेव्हा त्याच्या बायकोने लॅपटॉपवरून मान वर केली नाही. शाल्मलीच्या मते बेंगळुरूच्या जे. पी. नगरातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दोनच गोष्टी लहरीनुसार येत-जात: पाणी आणि शंतनुचा सर्व्हर.

सर्व्हर होता मुंबईकडच्या कुठल्याशा इमारतीत. आकडेमोडीची अचाट ताकद असलेले ते भाड्याचे यंत्र शंतनुने कधी पाहिले नव्हते. घरून तारेवाटे त्यावर काम करणे एवढाच त्यांचा परिचय. न पाहिलेल्या शक्तीवर पोट भरणारा माणूस देव मानत नाही याची शाल्मलीला गंमत वाटे. शंतनुचे उत्तर ठरलेले असे: सर्व्हरला हाक मारली की तो ओ देतो, हा फरक मूलभूत आहे. आज मात्र तो ओ देत नव्हता.

दिवसही त्याने असा निवडला होता की चार वाजता शिरसीच्या सुपारी उत्पादक संघाचे हेगडे शंतनुच्या कंपनीच्या इंदिरानगरच्या कचेरीत यायचे होते. फोटोवरून सुपारीची प्रत ओळखणारे मॉडेल शंतनु उन्हाळ्यापासून घडवत होता. दुपारपर्यंत सर्व्हरवर त्याची शिकवणी पुरी व्हायची, हेगड्यांनी बघायचे आणि होकार द्यायचा, असा बेत. नाही तर संघ एका दिल्लीच्या कंपनीशी करार करणार होता, आणि शंतनुच्या कित्येक महिन्यांच्या कष्टांचे स्थान कचेरीतल्या कपाटात.

शंतनु घाबरला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा, ही त्याची शिस्त. पहिला संशय घरच्या इंटरनेटवर. त्याने राउटर बंद करून चालू केला. परिणाम तत्काळ दिसला: आतल्या खोलीत शाल्मलीची मीटिंग तुटली.

"शंतनु, मी क्लायंटसमोर प्रेझेंट करत होते."

"एक शक्यता वगळली," तो म्हणाला.

"पुढची शक्यता वगळायच्या आधी मला विचार. नाही तर मी तुला वगळेन."

मग फोनच्या इंटरनेटवरून प्रयत्न झाला. सर्व्हर मूक. अर्थात दोष घरात नव्हता. आता आत शिरायच्या डिजिटल किल्लीचा संशय. जुनी किल्ली बिघडली असेल तर नवी करून पाहावी. ती त्याने केली, आणि दोन किल्ल्यांचा घोळ नको म्हणून जुनी खोडून टाकली. नवी किल्ली सर्व्हरवर नोंदवायची तर आधी सर्व्हरच्या आत जावे लागते, हे त्यानंतर त्याच्या ध्यानात आले. बाहेर ताटकळलेल्या माणसाने कुलूप बदलून किल्ली विहिरीत टाकावी तसा प्रकार झाला. तरीही तर्क शाबूत होता. कचेरीच्या नेटवर्कमध्ये शिरायचा प्रोग्रॅम त्याने काढून पुन्हा बसवला. त्या प्रोग्रॅमला आता कचेरीतून मंजुरी हवी होती.

मंजुरी देणारा प्रणीत. सगळे सर्व्हर त्याच्याच ताब्यात. प्रणीत फोन उचलेना. शंतनुने प्रतिमाला, म्हणजे वरिष्ठांना, फोन लावला, त्याही उचलेनात. रिसेप्शनवर नुसती घंटी. कचेरी, सर्व्हर आणि माणसे एकाच वेळी निरुत्तर, यावरून त्याने शास्त्रशुद्ध निष्कर्ष काढला: इंदिरानगर भागातच मोठा बिघाड झाला आहे.

"ऑफिसच्या ग्रुपवर बघ ना काय चाललंय," शाल्मली म्हणाली.

"तो मी म्यूट केलाय. नुसती झेंडूची चित्रं येतात."

तो रिक्षाने निघाला. रिक्षाला पुढे केळीचे खांब, आरशाला झेंडू, काचेवर हळदकुंकू. नवमीची सुट्टी, म्हणून सगळे बेंगळुरू आदल्याच दिवशी आयुधपूजा, म्हणजे खंडेनवमीची हत्यारांची पूजा, उरकत होते. चौकाचौकांत दृष्ट काढून फोडलेले कोहळे पडले होते आणि वाहने त्यांना वळसा घालत मुंगीच्या चालीने सरकत होती. घाई आहे असे शंतनुने हिंदीत सांगितले. स्वल्प थांबा सर, गाडीला आज हळू चालवायचं, असे चालकाने शांतपणे समजावले. शंतनु सीटच्या कडेवर बसून पाय हलवत राहिला. जणू त्याने पाय थांबवले असते तर रिक्षाही थांबली असती.

कचेरीत बिघाड नव्हता, उदबत्तीचा धूर होता. सगळी मंडळी चपला काढून एका मोठ्या स्क्रीनपुढे उभी होती. स्क्रीनवर सर्व्हरांची नावे आणि प्रत्येकापुढे 'बंद'. वरच्या कडेला कुंकवाची बोटे. हातात तबक घेऊन प्रणीत. त्याचे घराणे तीन पिढ्या बेंगळुरात, त्यामुळे त्याची मराठी अर्धी कानडीच्या आसऱ्याला राहिलेली.

"सर्व्हर तू बंद केलास?" शंतनुने विचारले.

"पूजेच्या वेळी हत्यार चालू ठेवत नाहीत, अण्णा."

"हत्यार मुंबईला आहे."

"म्हणून तर बंद करायला लागलं. कुंकू लावायला हात पोचत नाही, निदान विश्रांती तरी. ग्रुपवर काल टाकलं होतं, कुणाची अडचण असेल तर सांगा म्हणून. तुम्ही काही बोलला नाहीत, मी म्हटलं, सरी, चालतंय."

शंतनुने काही बोलण्यासाठी तोंड उघडले आणि प्रतिमाने त्यात प्रसादाचा पेढा ठेवला.

पेढा संपेपर्यंत प्रणीतने सर्व्हर चालू करायला घेतला, तेव्हा खरी आपत्ती उघड झाली. यंत्र भाड्याचे होते. त्याने जागा सोडताच ती दुसऱ्या कुणाला मिळाली होती. सध्या यंत्र उपलब्ध नाही, थोड्या वेळाने प्रयत्न करावा, असे उत्तर येत राहिले. शंतनु दर मिनिटाला प्रयत्न करायला लावी. हातात राहिले ते पूजेच्या क्षणापर्यंतचे, आपोआप जतन झालेले अर्धशिक्षित मॉडेल. प्रणीतने ते स्वतःच्या साध्या संगणकावर चढवले.

हेगडे वेळेवर आले, स्वतःच्या सुपाऱ्यांची पिशवी घेऊन. शंतनुने प्रामाणिकपणे सांगून टाकले की हे अपुरे आहे, चुकेल. ते चुकले नाही. डाग लपवलेली सुपारी, रंग दिलेली सुपारी, हेगड्यांनी मुद्दाम उलटी ठेवलेली सुपारी. सगळ्या त्याने अचूक ओळखल्या. हेगडे खूश झाले. अर्धे असे, तर पुरे कसे असेल? दसरा झाला की पुरे दाखवा, मग सही.

दसऱ्यानंतर सर्व्हर मिळाला, शिकवणी शंतनुच्या मूळ बेताबरहुकूम पुरी झाली, आणि पुऱ्या मॉडेलने हेगड्यांनी मागे ठेवलेल्या त्याच पिशवीपुढे मान टाकली. शंतनुला कारण लगेच कळले, आणि तेच जास्त लागले. शिकवणी लांबली की मॉडेल समजून घेणे सोडून पाठांतर करू लागते. ओळखीची सुपारी बरोबर, अनोळखी आली की भंबेरी. हे जगजाहीर आहे. कुठे थांबायचे ते मध्ये मध्ये तपासून ठरवायचे असते. तशी तपासणी त्याने ठेवली नव्हती, कारण बेत त्याचा स्वतःचा होता.

त्याने हेगड्यांना फोन करून सगळे सांगितले. फोन टेबलावर मोठ्या आवाजात होता. प्रतिमा आणि प्रणीत दोन बाजूंना.

"म्हणजे पहिलंच घ्यायचं," हेगडे म्हणाले. "पण एक सांगा, त्या दिवशी नेमकं कुठे थांबायचं, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?"

प्रणीत खिडकीबाहेर पाहू लागला. शंतनुने आयुष्यात कधी खोटे कारण दिले नव्हते.

"पूजेची मंगळारती होती," तो म्हणाला.



"मग बरोबर आहे," हेगडे समाधानाने म्हणाले. "कागद पाठवून द्या. पुढच्या वर्षीचंही त्याच मुहूर्तावर थांबवा."

योगायोग आणि कारण यांतला फरक स्पष्ट करण्यासाठी शंतनु पुढे झुकला. प्रतिमाने त्याच्या आधी फोन उचलला आणि नक्की थांबवू असे सांगून ठेवून दिला.