घाटातला लांब श्वास

लेकीला, शकूला, बघायला आलेल्या रंगूबाईला घाटमाथ्यावर तिच्या घरी पोचवायचे ठरले आणि कुशाबाच्या घशाखाली भाकरी उतरेना. स्थळ चांगले होते. रंगूबाई मुलाची आई. बोलायला तिखट, नजरेला त्याहून तिखट. कुशाबाच्या गावी, वरंधला, दोन दिवस राहून तिने गोठा, शेत, शकूचा स्वयंपाक, सगळे पारखले होते. होकार मात्र अजून ओठांआडच होता.

वीस वर्षे बैलगाडी हाकणाऱ्या कुशाबाचे एक गुपित फक्त त्याच्या बायकोला, तुळजाबाईला, ठाऊक होते. तो घाटाला भ्यायचा. दरीकडचे मोठे वळण आले की छाती धडधडायची, तळहातांना घाम फुटायचा आणि तो डोळे गच्च मिटून घ्यायचा. बैलांना वाट पाठ होती, म्हणून निभावत होते.

"आज डोळं मिटू नका हां," तुळजाबाई दाराशी कुजबुजली. "इहीन मागं बसलीय."

"नाय मिटत गो. मास्तरांनी सांगितलाय तसा करतो."

हे मास्तर महाडचे, पेन्शनीत निघालेले. आठवड्यापूर्वी सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात गुडघे शेकताना भेटले होते. कुशाबाने त्यांना मनातले सांगितले. परक्या माणसाला सांगणे सोपे जाते. मास्तर म्हणाले, "भीतीला हाकलू नका. नाकाने सावकाश श्वास घ्या, तोंडाने लांब सोडा. सगळे लक्ष त्या श्वासावर. भीती आली तर येऊ द्या, बसू द्या शेजारी." कुशाबाने आठवडाभर पडवीत बसून सराव केला. श्वास सोडताना त्याच्या तोंडून आपसूक "होऽऽ" असा आवाज निघे. पडवीत त्याने काही बिघडत नव्हते.

घाटाची चढण लागली. पहिल्या वळणाला छाती धडधडली. कुशाबाने श्वास घेतला, सोडला, "होऽऽ," आणि बैल जागच्या जागी उभे राहिले. गाडी वीतभर मागे सरकली.

"अगं आई!" रंगूबाईने गाडीचा दांडा धरला. "काय झालं?"

"काय नाय, दम घेतात."

दुसऱ्या वळणालाही तेच. गाडी मागे सरकली म्हणून कुशाबा घाबरला. घाबरला म्हणून त्याने आणखी लांब श्वास सोडला. बैल आणखी घट्ट उभे राहिले. तिसऱ्या खेपेला रंगूबाई खाली उतरली आणि तिने स्वतःच चाकामागे धोंडा लावला. पुढे ती गाडीत चढलीच नाही, धोंडा काखेत घेऊन मागून चालू लागली.

मोठ्या वळणावर गाडी ऐन मध्ये थांबली आणि वरून महाडकडे जाणारी उतारूंची मोटार भोंगा वाजवत आली. चालवणारा चांगू मुंबईत मोटार शिकलेला. घाटात त्याच्याइतका बेडर कोणी नाही, असा त्याचा लौकिक होता.

"ओ काका, गाडी साइडला घ्या ना! खालीपिली टाइम खोटी!"

कुशाबाने नाकाने श्वास घेतला. "होऽऽ," त्याने श्वास सोडला. "होऽऽऽ." डावीकडचा बैल सरळ खालीच बसला.

रंगूबाई चाकाला धोंडा लावून पुढे आली. तिने बैलाकडे पाहिले, कुशाबाकडे पाहिले.

"अवो पावनं, तुमीच की त्यास्नी थांबवताय! हो हो म्हनल्यावर बैल उभाच ऱ्हानार!"

आता लपवायला काही उरले नाही. "भ्या वाटता मला हितला," कुशाबा म्हणाला. "वीस वरसा झाली." लग्न मोडले, हे त्याने मनात धरूनच टाकले. गाडीवरून उतरून तो कडेच्या दगडावर बसला आणि उघडपणे एक लांब श्वास सोडला. मग त्याच्या ध्यानात आले, की आपले डोळे उघडे आहेत.

समोर दरी होती. पण दरी एवढी असते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. हिरव्या डोंगरांमागे निळे डोंगर, त्यांच्यामागे आणखी, धुरासारखे. कड्यावरून पाण्याची धार पडत होती आणि अर्ध्या वाटेतच वाऱ्यावर विरून जात होती. पिकल्या भाताची खाचरे तळहाताएवढी. आणि एक घार संथ फिरत होती, ती त्याच्या पायांच्या खाली. घारीची पाठ त्याने जन्मात पाहिली नव्हती.

"पाठ बगा तिची," तो हलकेच म्हणाला. "उन्हात तांबूस दिसते."

रंगूबाई शेजारी येऊन उभी राहिली आणि खाली वाकून पाहू लागली. भांडायला उतरलेला चांगूही तिथे आला. तोही खाली पाहू लागला.

"पाच वर्सं रोज जातो इथनं," तो म्हणाला. "रस्ता सोडून काय बघितलाच नाय. खरं सांगू काका? ब्रेकवर माझा पाय कापतो. तो श्वास मला पण शिकवा."

मोटारीतले लोक ओरडत एकेक करून खाली उतरले आणि कडेला येऊन एकेक करून गप्प झाले. एकाने नकळत पायातल्या वहाणा काढल्या.

रंगूबाईने पदर सावरला. "माघातला मुहूर्त काढा. लगीन तुमच्या दारी. वरात ह्याच वाटंनं वर न्यायची, आन् हितं समद्यांना उतरवायचं."

"पन मी भितो, त्याचा काय?" कुशाबाने विचारले.

"येवढं बगून जो भित न्हाई, त्याचं डोळं तपासा म्हनावं."

खाली घारीने एक फेरा पुरा केला आणि दुसरा धरला. त्या दिवशी मोटार महाडला चांगली तासभर उशिरा पोचली. उशीर कशाने झाला, ते उतारूंपैकी एकालाही धड सांगता आले नाही.