मागच्या डाव्या खिडकीचा पडदा

गाडी पुलावरून डावीकडे वळली, की सूर्य मागच्या डाव्या खिडकीतून आत शिरे आणि थेट पिटुकलीच्या डोळ्यांत जाऊन बसे. वेळ सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. सुट्टीचे आणि ढगाळ दिवस सोडले तर या कार्यक्रमात खंड नसे. पिटुकलीचं वय अडीच वर्षं. सूर्याविरुद्ध तिच्याकडे दोनच उपाय होते : डोळे घट्ट मिटून घेणं आणि भोकाड पसरणं. ती दोन्ही एकदम करी. पाळणाघर येईपर्यंत तिचा चेहरा टोमॅटो झालेला असे, आणि दारातल्या ताई म्हणत, "आज पण?"

पिटुकलीची आई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांना 'हे स्पष्ट दिसतं की ते?' विचारताना तिच्या कानात सकाळचं रडणंच वाजत राही. तिचं मागणं फार मोठं नव्हतं. पोरीनं एक दिवस तरी हसत पाळणाघरात शिरावं, एवढंच.

म्हणून एका रविवारी दुपारी, पोर झोपलेली असताना मिळालेल्या वीस मिनिटांत, तिनं उशीचा एक जुना अभ्रा कापला. त्यावर बदकं होती. कडेनं टीप मारली, वरच्या दोन कोपऱ्यांना काचेला चिकटणाऱ्या रबरी वाट्या शिवल्या. पडदा तयार. तिनं तो हातात धरून नवऱ्याला दाखवला आणि तिथेच चुकली.

नवरा औषधांच्या दुकानात कामाला. सरळ माणूस. इतका सरळ, की रस्ता मोकळा असला तरी लाल दिव्याला चालतानासुद्धा थांबायचा.

"हे काय?"

"पडदा. गाडीच्या मागच्या खिडकीला."

"म्हणजे गाडीत फेरबदल," तो म्हणाला. आवाज असा, की जणू ती छप्पर कापायला निघाली होती.

"अरे, दोन रबरी वाट्या आहेत. थुंकी लावली की चिकटतात."

"थुंकी लावून का होईना. मूळ गाडीत पडदा होता का? नव्हता. आता असणार. याला दुसरं काय म्हणतात?"

"समोरच्यांच्या गाडीला विमानाचे पंख आहेत. वरच्या मजल्यावरच्यांची गाडी मागे घेताना बाळ रडल्याचा आवाज येतो. तो ऐकून आपलं खरं बाळ उठतं. त्यांनी कुणाला विचारलं होतं?"

"म्हणून तर आपण विचारायचं. कर नाही त्याला डर कशाला?"

या म्हणीनं आजवर जितकी सरळ माणसं रांगेत उभी केली, तितकी कुठल्या पोलिसानंही केली नसतील.

'वाहन फेरबदल पूर्वसंमती कक्ष' तिसऱ्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला होता. दाराची कडी गंजली होती. ती उघडताना नवऱ्याचं बोट चेमटलं. आत एक कारकून बाई मटाराच्या शेंगा सोलत होत्या. माणसं आत आलेली बघून त्या इतक्या दचकल्या, की चार दाणे टेबलाखाली गेले.

"लग्ननोंदणी खाली," त्या म्हणाल्या.

"नाही, आम्हाला गाडीत फेरबदलाची परवानगी हवीय."

बाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग तिच्या कडेवरच्या पिटुकलीकडे. शेवटची नजर दयेची होती. त्यांच्या डोक्यावर भिंतीला एक रंगीत फलक होता : 'गाडीत फेरबदल करताय? सुरुवात अशी करा!' खाली पहिली पायरी लिहिली होती : 'पूर्वसंमती घ्या.' दुसरी पायरी लिहिण्याची वेळ कधी आली नसावी.

"पडदा कायमचा की काढघालीचा?" बाईंनी विचारलं.

"काढघालीचा."

"मग काढून दाखवावा लागेल."

"दाखवते की. खाली गाडी आहे."

"पण काढून दाखवायचा म्हणजे आधी लावलेला हवा. आणि परवानगीशिवाय लावलेला सापडला तर गुन्हा."

"मग?"

"काढून दाखवण्यापुरता लावण्याची परवानगी घ्या. नमुना दोन."

नवऱ्याचा चेहरा उजळला. नमुना होता, याचाच त्याला केवढा आधार वाटला. बाहेर पडताना तो म्हणाला, "बघ, सगळ्याची सोय असते. आपण विचारत नाही, एवढंच."

सोय व्हायला तीन आठवडे लागले. तीन आठवडे सूर्यानं आपली ड्यूटी चोख बजावली. मग काढून दाखवण्यापुरता लावण्याचा दिवस आला. आईनं पडदा लावला, काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. कारकून बाईंनी खिडकीतून मान बाहेर काढून तो सोहळा पाहिला आणि दोघं वर आल्यावर समाधानानं शिक्का उचलला. तो हवेतच राहिला.

"अगं बाई. खासगी कुटुंबवापराच्या गाडीला पडद्याचा रकानाच नाही."

"मग कुठल्या गाडीला आहे?"

बाईंनी तक्त्यावरून बोट फिरवलं. "तिघांना. रुग्णवाहिका, शववाहिका आणि अतिमहत्त्वाची व्यक्ती. घरात कुणी अतिमहत्त्वाची व्यक्ती आहे?"

"आहे ना," आई म्हणाली. "अडीच वर्षांची."

"ताफा असतो का मागेपुढे?"

"एक तीनचाकी सायकल असते."

"नाही चालायचं." बाई खरोखरच हळहळल्या. "शववाहिकेला कागद सगळ्यात कमी लागतात हो, प्रवाशाची सही नसते. पण लेकराकडे बघून माझी जीभ रेटत नाही. तुम्ही रुग्णवाहिका करून टाका."

करून टाका, हे त्यांनी चहा करून टाका अशा थाटात सांगितलं. घरी जाताना आई म्हणाली, "पुरे आता. चिकटवते पडदा आणि होते मोकळी." पण नवऱ्यानं तिला समजावलं : आता अर्ज दाखल आहे, गाडीचा नंबर त्यांच्याकडे आहे, कालपर्यंत आपण अनोळखी होतो, आज आपण नोंदीतले आहोत. नोंदीतल्या माणसानं चोरून पडदा लावायचा म्हणजे पोलिसाच्या घरात राहून चोरी करायची. हे मात्र खरं होतं. आईनं पडदा घडी करून पिशवीत ठेवला.

रुग्णवाहिकेला स्ट्रेचर लागतं. स्ट्रेचरला जागा लागते. म्हणून मागची सीट काढायची ठरली. गॅरेजवाल्या मिस्त्रीनं काम ऐकून पाना खाली ठेवला.

"ताई, मी सायलेन्सर कापलेत, बंपर कापलेत, एकाचं छप्पर कापलंय. पण शुद्धीवर असलेल्या माणसानं पडद्यासाठी सीट काढायला सांगितली, असं आजच झालं."

"भोंगाही बसवायचाय," नवरा म्हणाला. "आणि वर निळा दिवा."

"पेशंट कोण?"

दोघांनी पिटुकलीकडे पाहिलं. ती गॅरेजभर नट वेचत पळत होती.

पेशंट म्हटलं, की आजार आला. घराजवळच्या डॉक्टरीणबाईंनी पिटुकलीला तपासलं, पोटाला गुदगुल्या केल्या आणि म्हणाल्या, "ठणठणीत आहे."

"सकाळी डोळ्यांवर ऊन येतं तिच्या," नवरा म्हणाला.

"त्याला आजार नाही म्हणत. त्याला सकाळ म्हणतात."

पण सरळ माणूस चिकाटीला उतरला की डॉक्टरही थकतात. शेवटी प्रमाणपत्र मिळालं : 'प्रकाश असह्य होणे. वेळ ८.१०. बाजू डावी.' त्याच्या जोरावर कक्षानं तात्पुरती मान्यता दिली; अंतिम तपासणी व्हायची होती. गाडीच्या पाठीवर लाल अक्षरांत 'रुग्णवाहिका' असं रंगवून झालं, आणि मागच्या डाव्या खिडकीत, शासनमान्य अशी, बदकं झुलू लागली.

पहिल्या सकाळी पिटुकली स्ट्रेचरवर पट्ट्यांत बांधलेली, शेजारी दाटीवाटीनं आई, पुढे नवरा. भोंगा सुरू झाला तशी पोर आनंदानं किंचाळली, "निनो! निनो!" रस्त्यातल्या गाड्या बाजूला झाल्या. पंखवालेसुद्धा बाजूला झाले. पुलावर सूर्य आला, बदकांवर आपटला आणि बाहेरच राहिला. आईनं मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. ती हसत होती. इतक्या दिवसांचा सगळा शीण, चेमटलेलं बोट, काढलेली सीट, तिनं त्या क्षणी सगळ्याला माफ करून टाकलं.

पाळणाघराच्या दारात ताई आडव्या उभ्या होत्या.

"आजारी मुलांना आत घेत नाही."

"ती आजारी नाहीये, ताई. बघा तरी कशी नाचतेय."

"मग गाडीवर काय लिहिलंय?"

"ती फक्त पडद्यापुरती आजारी आहे."

ताईंनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की आईला स्वतःचंच कपाळ तापलंय का बघावंसं वाटलं. "बरी असल्याचा कागद आणा," त्या म्हणाल्या, "लगेच घेते."

बरी असल्याचा कागद आणला तर पडदा जाणार होता. न आणला तर पाळणाघर बंद. म्हणजे ऊन लागू नये म्हणून एवढा खटाटोप केलेली पोर आता गाडीत मजेत होती, पण गाडीला जायला जागा उरली नव्हती. आई तिला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी पिटुकलीनं डोळे तपासायच्या तक्त्यावर खडूनं स्वतःची अक्षरं वाढवली आणि एका आजोबांना चार नंबर जास्त निघाला. तिसऱ्या दिवशी मालक म्हणाले, "ताई, राग मानू नका. उद्यापासून एक तर तुम्ही एकट्या या, नाही तर येऊ नका."

"आता काय करायचं?" तिनं नवऱ्याला विचारलं. आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं.

"अंतिम तपासणी उद्या आहे," तो हळूच म्हणाला. "साहेबांना सगळं नीट सांगू. साहेबसुद्धा माणूसच."

साहेब आले ते एका गाडीतून. तिच्या काचा इतक्या काळ्या होत्या, की आत माणूस आहे की नाही हे दार उघडल्यावरच कळलं. पुढे सहा पिवळे दिवे, मागे दोन जाडजूड नळकांडी, आणि गाडी मागे घेताना पक्षी किलबिलले. साहेब उतरले. त्यांनी टेपनं पडदा मोजला. मग वाकून बदकं मोजली.

"चार. अर्जात तीन आहेत."

"एक दुमडीत गेलं होतं, साहेब," नवरा म्हणाला.

"नामंजूर." साहेबांनी पेन काढलं. "आणि नामंजूर फेरबदल म्हणजे बेकायदा फेरबदल."

तेव्हा मात्र आईचा संयम सुटला. दिवसभर लोकांना काय दिसतं ते विचारणारी बाई ती. तिनं साहेबांनाही तेच विचारलं.

"साहेब, तुमच्या काचेतून बाहेरचं काही दिसतं का हो? या काचा, हे दिवे, ही नळकांडी, याला कुणी परवानगी दिली?"

साहेब जराही चिडले नाहीत. लहान मुलाला सांगावं तसं त्यांनी सांगितलं, "अहो बाई, मी अर्ज केलाय का? अर्ज नाही, तर नोंद नाही. नोंद नाही, तर फेरबदल नाही. झालाच नाही तो."

"पण दिसतोय की."

"दिसतोय तुम्हाला. कागदाला कुठे दिसतोय?" मग आजूबाजूला बघत त्यांनी आवाज उतरवला, आणि एकाएकी ते साहेब न वाटता घाबरलेले मामा वाटू लागले. "खरं सांगू? तुमच्यामुळे आमची झोप उडालीय. सहा वर्षं कक्ष सुरू आहे. दरवर्षी वर अहवाल जातो : अर्ज शून्य, बेकायदा शून्य. यंदा तुम्ही आलात. अर्ज एक, बेकायदा एक. म्हणजे शंभर टक्के बेकायदा! वरून विचारणा आलीय, की शहराला अचानक झालं काय? हात जोडतो, अर्ज मागे घ्या."

"आणि माझ्या मुलीचं ऊन?"

"त्यात काय! आमच्या कचेरीच्या फाटकासमोरच दुकान आहे. दहा मिनिटांत काच काळी करून देतो. माझं नाव सांगा, आधी घेईल."

"पण साहेब," नवरा म्हणाला, "त्याला परवानगी..."

"विचारायचं नाही!" साहेब आणि आई एकाच सुरात ओरडले.

अर्ज मागे घेण्याचा नमुना त्याच दुपारी मंजूर झाला. कक्षाच्या इतिहासात इतक्या झपाट्यानं काही मंजूर झालं नव्हतं. मिस्त्रीनं सीट परत बसवली, भोंगा-दिवा उतरवला, लाल अक्षरं पुसली आणि पैसे न मोजताच खिशात टाकले. त्याला बहुधा भीती वाटली असावी. फाटकासमोरच्या दुकानात रांग होती. त्यांच्या पुढचीच गाडी कारकून बाईंची होती. त्यांनी ओळखीचं हसू दिलं आणि पिटुकलीच्या हातावर चार मटार ठेवले. दुकानदार एकच काच करत नव्हता; सगळ्या काळ्या होत असताना नवरा गाडीत डोळे मिटून बसला होता. झाल्यावर त्यानं डोळे उघडले आणि विचारलं, "संध्याकाळ झाली का?"

दुसऱ्या दिवशी आठ वाजून दहा मिनिटांनी सूर्य पुलावर आला आणि गेला. आत कुणाला कळलंही नाही. पिटुकली हसत पाळणाघरात शिरली, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. आईला जे हवं होतं ते तिला मिळालं. गाडी मागे घेताना तिनं काच खाली करून, मान बाहेर काढून पाहिलं, कारण काचेतून काही दिसत नव्हतं. मागून एक गाडी जोरात हॉर्न वाजवत गेली. तिच्याही काचा काळ्या होत्या. त्या माणसाला ती दिसली होती की नाही, हे तिला कधीच कळलं नाही.

कक्षाचा वार्षिक अहवाल यंदा वेळेवर प्रसिद्ध झाला. अर्ज शून्य, बेकायदा फेरबदल शून्य, नागरिकांकडून नियमांचे शंभर टक्के पालन. या शिस्तीबद्दल वरून अभिनंदनाचं पत्र आलं असून ते तिसऱ्या मजल्यावर लावलं आहे. ते कुणा एकाच्या नावे नाही. शहरातल्या सगळ्या गाडीवाल्यांना उद्देशून आहे. सवड काढून जा आणि वाचून या. संकोच करू नका, त्यात तुमचाही वाटा आहे. तुम्हीही अर्ज केलेला नाही ना?