सासूबाईंचं अंतराळयान

घड्याळ आणलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं. बायकोनं स्पष्ट सांगितलं होतं, "आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. एक साधं भिंतीवरचं घड्याळ आण आणि सरळ घरी ये." यात न समजण्यासारखं काही नाही. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात मी बावीस वर्षं तक्रार विभागात आहे. याहून अवघड वाक्यं मी रोज वाचतो आणि फाईलला लावून टाकतो. पण त्या दिवशी नेमकी मला कल्पना सुचली. (मला कल्पना सुचली की आमच्या घरात आधी काचेची भांडी आत नेऊन ठेवतात.)

माझे सासरे चित्रकार. आता हात थोडा थरथरतो, पण एके काळी 'किंकाळी' आणि 'ग्रहगोल' या दोन मासिकांची सगळी मुखपृष्ठं तेच काढायचे. विषम महिन्यात भुतं, सम महिन्यात मंगळ. चित्र आधी तयार व्हायचं आणि मग संपादक ते एखाद्या लेखकापुढे टाकून म्हणायचे, "यावर काहीतरी लिहा." एकदा सासऱ्यांच्या हातून आकाशात दोन सूर्य काढले गेले, तर बिचाऱ्या लेखकाला अख्खी गोष्ट दुसऱ्या ग्रहावर हलवावी लागली.

हे सगळे अंक मी बारकाईनं पाहिले आहेत (ऑफिसात वेळ असतो) आणि त्यावरून विश्वाविषयी माझी काही ठाम मतं झाली आहेत. परग्रहावर थंडी फक्त पुरुषांना वाजते. पुरुष डोक्यापासून पायापर्यंत जाड पोशाखात, वर काचेचा गोल टोप. शेजारची बाई मात्र भर उन्हाळ्यात गच्चीवर कपडे वाळत घालायला आल्यासारखी. तिथे हवा नाही, तरी तिचे केस उडतायत. राक्षसाला आठ हात असले तरी तिला उचलायला तो दोनच वापरतो, उरलेले सहा नुसते वर धरून ठेवतो. तो तिला नेतो कुठे, हे साठ अंकांत एकदाही कळत नाही. बहुधा त्यालाही कुणी सांगितलेलं नसावं. भुतांच्या अंकातली बाई पडक्या घरात शिरताना दर वेळी मेणबत्तीच घेऊन शिरते, तिला टॉर्च कुणी देत नाही.

एवढं असूनही सासरे स्वतःला वास्तववादी म्हणवतात. डोळ्यांसमोर नसलेली वस्तू ते काढत नाहीत. "मनानं काढलं की खोटं दिसतं," असं ते सांगतात, आणि सांगताना त्यांचं बोट सहा डोळ्यांच्या खेकड्यावर असतं.

सासूबाईंनी मात्र यातलं एकही चित्र कधी धड पाहिलं नव्हतं. अंक घरात आला की त्या तो पालथा घालून ठेवायच्या. मागच्या बाजूला साबणाची जाहिरात असायची, तेवढी त्यांना चालायची.

तर माझी कल्पना अशी, की पन्नास वर्षांनी का होईना, बायकोनं नवऱ्याचं काम नीट पाहावं. मी 'ग्रहगोल'चा एक अंक निवडला. त्यात जळणाऱ्या शहरावरून एक चकचकीत तांबूस अंतराळयान झेप घेतंय आणि खाली माणसं सैरावैरा पळतायत. फोटोच्या दुकानात जाऊन मी म्हटलं, "हे चार फूट बाय तीन फूट करून, फ्रेम करून द्या."

"एवढं मोठं कशाला?" दुकानदारानं विचारलं.

"सासूबाईंना भेट द्यायचंय."

त्यानं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पावतीवर माझा पत्ता जरा जास्तच काळजीपूर्वक लिहून घेतला.

समारंभ आमच्याच घरी होता. फ्रेम हॉलच्या भिंतीवर लावून वर चादर टाकली होती. केक कापून झाला, मी चार शब्द बोललो (दोन पुरले असते असं बायको नंतर म्हणाली) आणि सासूबाईंनी चादर ओढली.

त्या बघत राहिल्या. मला वाटलं, भारावल्या. मग त्यांनी चष्मा लावला, अगदी जवळ गेल्या आणि यानाच्या पोटावर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"अंतराळयान, आई. मंगळावरून आलंय. शहर जाळायला."

"ही माझ्या आईची किटली आहे."

मी हसलो. माझ्याबरोबर कुणी हसत नाही याची मला सवय आहे, पण या वेळी कुणी हललंसुद्धा नाही.

"ही बघा तोटी. हे झाकण. आणि हा पोचा."

"तो पोचा नाही, आई," मी समजावून सांगितलं, "तिथे उल्का आदळलीय."

"उल्का नाही," सासूबाई म्हणाल्या. "ती माझी धाकटी बहीण."

आता ही किटली आमच्या घराण्यातला केवढा मोठा विषय आहे, ते सांगायला हवं. सासूबाईंच्या आईची ती तांब्याची किटली. आई गेल्यावर थोरली म्हणून ती सासूबाईंकडे आली आणि काचेच्या कपाटात बसली. एकतीस वर्षांपूर्वी धाकटी बहीण, म्हणजे माझ्या बायकोची मावशी, आठ दिवस राहायला आली. ती गेली आणि कपाटात किटली नव्हती. सासूबाईंनी बहिणीला पत्र लिहिलं. ते पत्र चांगलं नव्हतं. उलट टपाली आलेलं त्याहून वाईट होतं. त्यानंतर दोघी एकमेकींशी एक शब्द बोललेल्या नाहीत. आमच्या लग्नाला मावशी नव्हत्या. किटलीचं नाव काढलं की सासूबाईंचे डोळे भरून यायचे आणि त्या म्हणायच्या, "किटली गेली त्याचं काही नाही गं, बहीण गेली." आणि मासिकाच्या आकारात जो पोचा तिळाएवढा होता, तो मी स्वखुशीनं बशीएवढा करून भिंतीवर टांगला होता.

सगळ्यांच्या नजरा सासऱ्यांकडे वळल्या. ते केकच्या तुकड्याचे आणखी छोटे तुकडे करत होते.

"पंख चिकटवले होते गं," शेवटी ते म्हणाले. "पत्र्याचे तीन. चित्र झाल्यावर निघेनात. म्हटलं, माझ्या सामानाच्या पेटीत राहू दे, निघाले की गुपचूप कपाटात ठेवू. तेवढ्यात तू पत्र टाकून मोकळी झालीस."

"मग तेव्हाच सांगायचं ना!"

"सांगणारच होतो. पण त्या आठवड्यात 'किंकाळी'ला कवटी द्यायची होती."

"आणि नंतर?"

सासऱ्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नंतर एकतीस वर्षं झाली."

सासूबाईंनी सगळे अंक मागवले. बायको खाली मान घालून देत गेली आणि त्या एकेक मुखपृष्ठ पाहत गेल्या. पन्नास वर्षांत न झालेलं रसग्रहण त्या संध्याकाळी झालं. हिरव्या मंगळवासीयाची कातडी म्हणजे त्यांचा स्वेटर, जो कसरीनं खाल्ला असं त्यांना सांगण्यात आलं होतं. सेनापतीच्या हातातलं किरणांचं पिस्तूल म्हणजे केस वाळवायचं यंत्र. शुक्राच्या राणीच्या डोक्यावर लिंबू पिळायचं भांडं उपडं घातलेलं. "आणि या भुताच्या अंगावर," त्या 'किंकाळी'चा अंक नाचवत म्हणाल्या, "माझी चादर आहे. हा बघा इस्त्रीचा डाग! हरवली म्हणून धोब्याला मी उगाच घालूनपाडून बोलले हो!"

मग त्या उठल्या. "मी या माणसाबरोबर घरी जाणार नाही. मी लेकीकडे राहते. आणि जावईबापू, तुम्ही माझ्या बहिणीला फोन लावा. मला तोंड नाही."

सासरे एकटेच घरी गेले. जाताना त्यांनी चपला उलटसुलट घातल्या होत्या, आणि ते सांगायला नेहमीचं माणूस शेजारी नव्हतं. मला फार वाईट वाटलं. (पुढच्या दहा मिनिटांत मला आमच्या खोलीतून हॉलमधल्या सोफ्यावर हलवण्यात आलं. मग मला स्वतःचंही वाईट वाटलं.)

फोन मी लावला.

"मावशी, मी तुमच्या भाचीचा नवरा बोलतोय."

"तिचं लग्न झालं?"

"वीस वर्षं झाली."

"बरं. बोला."

"किटली सापडली."

"कुणाकडे होती?" मावशींनी विचारलं.

"तशी कुणाकडे नाही. एका शहरावर हल्ला करत होती."

"उद्या येते," मावशी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या. हुबेहूब सासूबाईच, फक्त एक वीत कमी. दोघी हॉलमध्ये समोरासमोर बसल्या. एकतीस वर्षांचं बोलायचं साठलेलं असलं की नेमकं पहिलं वाक्य सापडत नाही. सासूबाई पदराशी चाळा करत होत्या. मावशी भिंतीवरचं अंतराळयान बघत होत्या.

"पोचा तसाच आहे," मावशी म्हणाल्या.

"तूच पाडलास."

"तू वेणी ओढलीस म्हणून."

"म्हणून किटली फेकून मारायची?"

"आणि तू मला चोर म्हटलंस, त्याचं काय?"

मावशींनी पिशवी उचलून मांडीवर घेतली. ही बाई आता दहा मिनिटांत निघून जाणार आणि सासूबाई जन्मभर रडणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. एवढ्यात बेल वाजली.

दारात सासरे. काखेत कॅनव्हास, एका हातात रंगांची पेटी आणि दुसऱ्या हातात किटली. तिला तीन पत्र्याचे पंख होते आणि शेपटाकडे थोडा लाल रंग. सासऱ्यांनी दाढी केलेली नव्हती.

"रात्री घरात कुणी ओरडलं नाही," ते मला दारातच हळूच म्हणाले. "मी इतकी वर्षं भीती रंगवली, पण भीती वाटली ती कालच."

आत येऊन त्यांनी किटली दोघींच्या मधल्या टेबलावर ठेवली आणि जाहीर केलं, "मला माफी मागता येत नाही. चित्र काढता येतं. दोघी जागच्या हलू नका. तुम्ही यानाच्या कप्तान आहात. एकीनं झाकण धरा, एकीनं तोटी. आणि जावईबापू, तुम्ही."

"मी कोण?"

"राक्षसाला बघून किंचाळणारा माणूस. त्या स्टुलावर चढा. हात वर. तोंड उघडा."

"मी आ वासल्यासारखं करतो, तुम्ही किंचाळणं मनानं..."

"मनानं काढलं की खोटं दिसतं."

मी स्टुलावर चढलो. बायकोनं माझ्या अंगावर अंतराळाचा पोशाख म्हणून गादीचा जाड अभ्रा गुंडाळला आणि डोक्यावर बिस्किटांची काचेची बरणी धरून पाहिली. ती कानांवर अडकली, तेव्हा बरणीचा नाद सोडून देण्यात आला. मी हात वर केले आणि तोंड उघडलं.

"पूर्ण उघडा," सासरे म्हणाले.

उघडलं.

"डोळेही."

पाचेक मिनिटांनी मावशी म्हणाल्या, "अक्कलदाढ किडलीय याची."

सासूबाई म्हणाल्या, "लग्नातही हा असाच उभा होता. तू नव्हतीस ना, नाहीतर पाहिलं असतंस."

"खरं सांगतेस?"

"अगदी अस्सा! हार घालायची वेळ आली तरी तोंड मिटेना."

मावशींच्या मांडीवरची पिशवी जमिनीवर आली. त्या आता जात नाहीत, हे मी वरून पाहिलं, पण सांगणार कसा, तोंड उघडं होतं.

हे चार दिवस चाललं. ऑफिसातून मी रजा घेतली. अर्जावर 'घरगुती कारण' लिहिलं, तर साहेबांनी फोन करून विचारलं, "नक्की काय?" आणि माझा जबडा आखडलेला असल्यामुळे माझ्या उत्तरातली फक्त स्वरांची अक्षरं त्यांच्यापर्यंत पोचली. त्यांनी आणखी दोन दिवस आपणहून दिले. इकडे दोघी बहिणी झाकण आणि तोटी धरून सबंध वेळ बोलत होत्या. माझ्या गुडघ्यांवर बोलल्या, पोटावर बोलल्या, मग स्वतःच्या नवऱ्यांवर आल्या, मग आईवर. आईवर आल्या तेव्हा दोघी रडल्या, आणि डोळे पुसताना माझ्याकडे लक्ष गेलं की पुन्हा हसल्या. चौथ्या दिवशी दुपारी सासूबाई एकदम उठल्या, किटली स्वयंपाकघरात नेली आणि त्या पंखांसकट तिच्यात चहा केला. पहिला कप बहिणीला दिला. दुसरा, जरा थांबून, सासऱ्यांपुढे आदळला.

"थंड व्हायच्या आत प्या," त्या म्हणाल्या. "मग घरी जाऊ. तुमच्या त्या पेट्या मला स्वतः उघडायच्यात."

मला कप मिळाला नाही. मी वर होतो.

त्या दोघी पिशव्या भरायला आत गेल्यावर मी स्टुलावरून उतरलो आणि कसाबसा कॅनव्हासपाशी गेलो. चित्र सुरेख होतं. दोन कप्तान, कडक नजरा, मागे तारे, हातात तांब्याचं सुकाणू आणि बाजूला एक हिरवा राक्षस त्यांच्यापुढे शरण आलेला. मी पहिल्यांदा मधोमध पाहिलं, मग कोपऱ्यांत पाहिलं, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"बाबा," मी जबडा हातानं हलवत विचारलं, "यात मी कुठे आहे?"

सासरे ब्रश धूत होते. "नाही तुम्ही."

"म्हणजे अजून काढायचाय?"

"चित्र पहिल्याच दिवशी दुपारी झालं," ते म्हणाले. "पण तुम्हाला बघून दोघी हसायला लागल्या. म्हटलं, राहू दे अजून तीन दिवस."

"मग 'तोंड पूर्ण उघडा, पूर्ण उघडा' असं दर दहा मिनिटांनी का सांगत होतात?"

"अर्ध्या तोंडाला त्या नुसत्या हसायच्या," सासरे ब्रश झटकत म्हणाले. "पूर्ण उघडलंत की एकमेकींना टाळ्या द्यायच्या."