अभिजित मुहूर्तावरची दाढ

मंडळी, काशीत मुहूर्त काढावा तर ढुंढिराजशास्त्र्यांनीच! हे मी म्हणत नाही, ब्रह्मा घाटावर कुणीही सांगेल. (म्हणजे मी विचारलं की सांगतात.) लग्न, मुंज, वास्तुशांत तर सोडाच, परवा एकाने नवी स्कूटीसुद्धा माझ्या मुहूर्तावर शोरूमबाहेर काढली. मग स्वतःची दाढ काढायची वेळ आल्यावर मी पंचांग उघडलं, यात माझं काय चुकलं?

उजवीकडची खालची दाढ. चार दिवस असा ठणका, की पंचांगातली अक्षरं नाचायला लागली. त्यात सोमवारी दुपारी तीनला आमची वेदसभा! तिथे घनपाठ, म्हणजे मंत्राची पदं उलटसुलट गुंफून म्हणायला, वर्षातून एकालाच बसवतात. या नंबराची मी तेवीस वर्षं वाट पाहिली हो, तेवीस! यंदा सभेचे चालक बाळशास्त्री स्वतः घरी नारळ घेऊन आले, तेव्हा मला रडूच आलं होतं.

आमच्या गल्लीतली हिमानी दातांची डॉक्टर आहे. मुन्शी घाटाच्या वर दवाखाना. ती म्हणाली, "काका, शनिवारी या, आरामात काढू."

"शनिवारी अमावास्या!"

"इतवारी मी बंद ठेवते. सोमवारी सकाळी आठला?"

"राहुकाळ! साडेसात ते नऊ."

"मग कधी?"

"अकरा अठ्ठेचाळीस. अभिजित मुहूर्त."

"अहो काका, खालच्या दाढेला जबड्याची नसच सुन्न करावी लागते. ओठ तीन-चार तास लाकूड होतो. सभेत बोलणार कसे?"

"अभिजितवर धरलेलं काम फसत नाही, बेटा. पाच मिनिटांचा तर खेळ!"

तिने माझी बायको लतिका हिच्याकडे पाहिलं. लतिकेने कपाळाकडे बोट केलं. ते नशीब म्हणून की माझं डोकं म्हणून, मी विचारलं नाही.

सोमवारी बरोब्बर अकरा अठ्ठेचाळीसला सुई टोचली. ओठ गेला. हनुवटी गेली. मग हिमानीने एक पातळ पातं दाढ आणि हाड यांच्या फटीत घालून फिरवलं, फरशी उचकटतात तसं. दाढ ढिम्म! मग गाईच्या शिंगांसारखी दोन टोकं असलेली पक्कड आली.

"ही टोकं दोन मुळांच्या मध्ये धरतात, काका. आता बाहेर-आत, बाहेर-आत डोलवायचं."

ती डोलवत होती दाढेला, डोलत होतो मी! अचानक कट्कन आवाज झाला.

"निघाली?" मी विचारलं. म्हणजे, "इहाई?" असं काहीतरी.

"वरचा भाग निघाला. मुळं आतच आहेत," हिमानी घाम पुसत म्हणाली. "दोन्ही बाजूंना फाकलीत. मशीनने मधोमध कापून एकेक काढावी लागेल. आणखी एक इंजेक्शन देते."

आणखी एक! मग आणखी एक! दुसरं मूळ निघालं तेव्हा घड्याळात पावणेदोन वाजले होते. अभिजित मुहूर्त केव्हाच गंगेपार गेला होता. हिमानीने तोंडात कापसाची घडी कोंबली आणि बजावलं, "दाबून धरा. थुंकायचं नाही, बोलायचं नाही."

रिक्षावाला म्हणाला, "पंडितजी, पान थूक लीजिए, तब बताइए कहाँ जाना है!" मी डोळ्यांनीच गयावया केली. पत्ता लतिकेने सांगितला.

सभेच्या दारात बाळशास्त्री उभेच. मी नमस्काराला वाकलो आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाल धार थेट उपरण्यावर!

"ढुंढिराज!" ते कडाडले. "वेदसभेत विडा?"

आता आली का पंचाईत! रक्त म्हणावं, तर रक्त वाहत असताना वेद म्हणायचा नाही, सभेतसुद्धा बसायचं नाही. विडा म्हणावा, तर उभ्या जन्मात पुन्हा बोलावणं नाही. आणि म्हणणार तरी कशाने? प, फ, ब, भ, म ही अख्खी रांग ओठांची, आणि माझा ओठ दुसऱ्याच कुणाचा तरी होता!

तेवढ्यात लतिका पुढे झाली. "विडा नव्हे हो शास्त्रीबोवा! यांचं मौन आहे आज. तोंडात रक्तचंदनाचा गोळा धरून. सूर्यास्तापर्यंत!"

सभेने माना डोलावल्या! मीसुद्धा! लतिकेच्या तोंडून असं खोटं मी लग्नापासून ऐकलं नव्हतं. बाळशास्त्र्यांचे डोळे पाणावले. "आपल्या नंबराच्या दिवशी मौन! केवढा हा त्याग!"

माझ्या जागेवर त्यांनी शार्दूलला बसवलं. माझाच विद्यार्थी, सव्वीस वर्षांचा. अन् काय म्हणाला पोरगा! एक स्वर हलला नाही. मला अभिमान वाटत होता, पण... त्या आसनावर मी बसायचं होतं हो!

सव्वापाचला ओठाला मुंग्या आल्या. हळूच ओठाला ओठ लावून पाहिला. लागला! बधिरपणा गेला होता, पाठ अजून थोडा उरला होता, आणि मला सगळा येत होता. मी उठायला लागलो. लतिकेने मागून बायकांच्या रांगेतून असे डोळे वटारले, की मी पुन्हा मांडी घातली.

पाठ संपल्यावर बाळशास्त्री उभे राहिले. "असा तपस्वी आपल्यात आहे आणि आपल्याला माहीत नव्हतं! आजपासून ढुंढिराजशास्त्री या सभेचे अध्यक्ष. आजन्म!"

टाळ्या! शाल! हार! मंडळी, आमच्या सभेचा अध्यक्ष कधीच पाठ म्हणत नाही. तो उंच आसनावर बसून दुसऱ्यांचा ऐकतो. आजन्म!

मी "नको" म्हणायला तोंड उघडलं. "मौन! मौन!" असं अख्खी सभा प्रेमाने ओरडली.

शाल पांघरून गल्लीत आलो. आसपास कुणी नाही असं पाहून, एकेक अक्षर खणखणीत लावत मी लतिकेला म्हणालो, "माझं पुरतं वाटोळं झालं."

"गप्प बसा," ती म्हणाली. "सूर्य मावळायला अजून दहा मिनिटं आहेत."