आफ्रिकेच्या वाटेवरची सात लिंबं

आफ्रिकेत सायकल चालवायला काय लागतं, हे ज्ञानेशरावांना नाशिकमध्ये बसल्या बसल्या पक्कं ठाऊक होतं! "पाय सगळ्यांनाच असतात, डोकं लागतं," असं ते इंदिरानगरच्या कट्ट्यावर सांगत, आणि ते डोकं कोणाचं हेही जाता जाता सुचवून ठेवत.

गोष्ट २००७ सालची. पाच जणांची टोळी जुलैत टांझानियाच्या खेड्यापाड्यांतून सायकलींवर जाणार होती. म्होरक्याने पुढे जायचं, वळणावळणावर खूण करायची आणि बाकीच्यांनी खुणेमागे यायचं, अशी तिथली रीत. म्होरक्या कोण, ते एप्रिलमध्ये एके दिवशी ठरणार होतं. ज्ञानेशरावांनी टोळीला आडरस्त्यांनी नाशिकजवळच्या घोटीला सुखरूप पोहोचवलं, तर मान त्यांचा. तो त्यांना इतका हवा होता, की ऑफिसात त्यांनी पेढे आधीच वाटून टाकले होते.

नियमही त्यांचेच. "मोबाइल बंद! आणि रस्ता कोणालाही विचारायचा नाही. टांझानियात मराठी कोणाला कळणार आहे?"

"आणि भूक लागली तर?" योगेशने विचारलं.

"हातवारे करायचे!"

निघताना ज्ञानेशरावांच्या सौ. छायाताईंनी सायकलची पूजा केली आणि उरलेली कुंकवाची पुडी व सरबतासाठी सात लिंबं त्यांच्या पिशवीत कोंबली. लिंबं आदल्या दिवशी सावळीरामने मळ्यातून आणून दिली होती. भाजीपाला पिकवणारा सावळीरामही टोळीतच होता. त्याची सायकल दुधाचे कॅन वाहून दमलेली, त्यामुळे तो कायम शेवटी असे.

पहिल्या तिठ्यावर ज्ञानेशराव इतरांच्या अर्धा तास पुढे होते. खुणेसाठी त्यांनी पिशवीत हात घातला आणि कपाळावर मारला. खुणा करायच्या पांढऱ्या फक्कीची पुडी घरी फ्रीजवर! पण डोकं कशाला दिलंय देवाने? त्यांनी रस्त्यावर कुंकवाचा ठसठशीत बाण काढला. वाऱ्याने तो लगेच विस्कटला. मग त्यांनी जायच्या वाटेच्या तोंडाशीच, त्या कुंकवावर एक पिवळंधमक लिंबू ठेवलं. लांबून दिसणार म्हणजे दिसणार! सातही वळणांवर त्यांनी हीच युक्ती केली. त्या दिवशी अमावास्या होती. पण ज्ञानेशराव घरातून नकाशा बघून निघाले होते, कॅलेंडर बघून नाही.

अकरा वाजता ते घोटीला भाताच्या गिरणीसमोर सावलीत बसले. साडेबाराला सावळीराम डुलत डुलत आला.

"खुणा सापडल्या ना?"

"लय झ्याक! येताना लिंबं उचलून आणली."

"अहो, उचलली? मागच्यांनी काय बघायचं?"

"मागं कुणी नाय. मीच शेवटचा."

ज्ञानेशराव रस्त्यापर्यंत धावत जाऊन बघून आले. बाकीचे तिघे गेले कुठे? आणि फोन करावा, तर फोन बंद ठेवायचा नियम त्यांचाच!

तीन वाजता टोमॅटोच्या टेम्पोतून सुवर्णाबाई, योगेश आणि त्याची बायको निकिता सायकलींसकट उतरले. शाळेत गणित शिकवणाऱ्या सुवर्णाबाई संतापाने लाल झाल्या होत्या.

"पहिल्याच तिठ्यावर कोणी मेल्याने उतारा टाकलेला! कुंकू, लिंबू, सगळं! अमावास्येला तो कोण ओलांडणार? वळसा घातला, तर पुढे आणखी एक! शेवटी दिसेल त्या रस्त्याने सुटलो!"

"दोनदा एकाच विहिरीपाशी आलो," निकिता म्हणाली. "तिथल्या आजींना हातवारे करून रस्ता विचारला. त्यांना वाटलं, आम्ही मुके आहोत. बिचाऱ्यांनी भाकरी वाढली."

"तुमची खूण मात्र एकही दिसली नाही," योगेश म्हणाला.

आता बोलायला हवं होतं. पण ज्ञानेशरावांना टांझानिया दिसला, पेढे दिसले, आणि ते म्हणाले, "लोक फार अंधश्रद्धाळू हो!"

सावळीरामने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग गिरणीतल्या माठाच्या पाण्यात केलेल्या गार सरबताचे पेले त्याने सगळ्यांना दिले. सुवर्णाबाईंनी एका दमात संपवला.

"जीव आला बाई! लिंबं कुठं मिळाली?"

"वाटेत. तिठ्यावर पडली व्हती."

निकिताच्या हातून पेला सुटला. योगेश नळाकडे धावला. सुवर्णाबाई मटकन खाली बसून म्हणाल्या, "मी उतारा प्यायले! माझ्या पोरांना कळवा!"

सावळीराम आभाळाकडे बघत राहिला. सुवर्णाबाई पोरांची नावं घेऊन रडायला लागल्या, तेव्हा ज्ञानेशरावांना राहवेना.

"अहो, उतारा नाही तो! माझीच खूण होती! लिंबं आमच्या छायाने दिलेली!"

सुवर्णाबाई ताडकन उठल्या.

"तुम्हाला ठाऊक होतं?" सुवर्णाबाईंनी सावळीरामला विचारलं.

"आपल्या झाडाचं लिंबू वळखू येत नाय व्हय?" तो म्हणाला. "म्हटलं, ज्ञानेशराव सोताच सांगतील."

मतदान तिथेच झालं. म्होरक्या सावळीराम. ज्ञानेशरावांनी शेवटी राहायचं आणि वाटेतल्या खुणा गोळा करत यायचं.

संध्याकाळी ते घरी आले, तेव्हा फक्कीची पुडी फ्रीजवर तशीच होती. छायाताईंनी पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "लिंबं पुरली का हो सगळ्यांना?"