उलट्या गुडघ्यांचा वस्ताद

एका जंगलात माघाचा महिना होता. त्या दिवशी सकाळी असं धुकं पडलं होतं, की माकडाला स्वतःचं शेपूट दिसत नव्हतं. गारठा तर विचारू नका. पानावरचं दवसुद्धा टपकायचं सोडून अंग चोरून बसलं होतं.

अशा सकाळी कोंडिबा अस्वलाची खुर्ची मोडली.

पोरांनो, तुम्ही म्हणाल, अस्वलाला खुर्ची कुठली? तर मागल्या साली माणसं सहलीला आली आणि जाताना प्लॅस्टिकची एक खुर्ची विसरून गेली. कोंडिबा तिच्यात बसला. बसला तो वर्षभर बसला. जेवण खुर्चीत, झोप खुर्चीत, पाठ खाजवणं खुर्चीत. त्या सकाळी कडकन पाय मोडला. खुर्चीचा हो. कोंडिबा भुईवर.

पडला त्याचं काही नाही. पण त्याला उठताच येईना. गुडघ्यांच्या बिजागऱ्या गंजलेल्या. हात टेकून झाले, कण्हून झालं, देवाचं नाव घेऊन झालं. बूड काही भुई सोडेना.

शेजारी सायाळवहिनीचं बीळ होतं. सायाळ खरं तर रात्रीची हिंडणारी, पण ही बाळंतीण, म्हणून उन्हाची वाट बघत दारात आली होती. ती म्हणाली, "काय भावजी, अंडी उबवताय?"

"वहिनी, चेष्टा राहू द्या. जरा मागून लोटा."

पोरांनो, कुणालाही मागून लोटायला सांगावं, सायाळीला सांगू नये. तिच्या अंगभर काटे असतात. कोंडिबा उठला. नुसता उठला नाही, थेट ओढ्यापर्यंत गेला आणि पाण्यात बसून राहिला.

पाण्यात बसल्या बसल्या त्याला घोर लागला. चैत्रात मोह फुलणार. फुलं झाडाखाली पसरून पडतात. बसायचं, वेचायचं, उठायचं, पुढं सरकायचं, परत बसायचं. ऊन चढायच्या आत आटपलं तर आपलं, नाहीतर हरणं फस्त करतात. मोहावर अस्वलाचं निम्मं वर्ष निघतं. उठता आलं नाही, तर कोंडिबाला उपास. तुम्ही म्हणाल, अस्वल चार पायांचं, त्याला वाकायला काय होतंय? बाळांनो, गोष्ट मी सांगतोय, आणि माझं अस्वल दोन पायांवर आहे.

तळ्याकाठी करकोच्याची तालीम होती. करकोचा दर हिवाळ्यात परदेशातून यायचा. तिकडं तो काय करायचा, कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून तिकडं तो मोठा असणार, असं सगळ्यांनी धरलं होतं.

कोंडिबा गेला. म्हणाला, "वस्ताद, बैठका शिकायच्यात."

"बैठक नाही, स्क्वॉट," करकोचा म्हणाला.

"दोन्ही एकच ना?"

"बैठक तुमच्याकडची. स्क्वॉटनं फरक पडतो."

आता करकोच्याचे पाय बघितलेत ना? त्याचा गुडघा मागं वाकतो. शिकलेले म्हणतात, तो गुडघा नव्हे, घोटा. असेल बापडा. पण तो वाकतो मागं. वस्ताद पाय जुळवून उभा राहिला, चोच खाली घातली, गुडघे मागं मोडले आणि सुरेख खाली गेला. मग वर येऊन म्हणाला, "हं. गुडघे मागं."

कोंडिबानं पाय जुळवले, मान खाली घातली, गुडघे मागं रेटले. गेला पाठीवर. शेजारी शिकायला उभं असलेलं रानडुक्कर तोंडावर गेलं. ससा कुठं गेला, ते संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

"वस्ताद, माझा गुडघा पुढंच वाकतोय."

करकोच्यानं कोंडिबाचा गुडघा बारकाईनं बघितला. मग हळहळून म्हणाला, "तुझा गुडघा चुकीचा आहे."

सगळ्यांनी आपापले गुडघे बघितले. सगळ्यांचेच चुकीचे निघाले. केवढी लाज वाटली म्हणता. रानडुक्कर म्हणालं, "आमच्या घराण्यातच दोष आहे."

दुसऱ्या दिवशी वस्तादानं तोच प्रकार एका पायावर करून दाखवला. त्याबद्दल न बोललेलं बरं.

कोंडिबा कंबर धरून घरी आला. आता एकट्यानं करून बघू, म्हणून अंगणात उभा राहिला. मागं वळून बघतो तर सायाळवहिनी. अंगणातल्या खडकावर ऊन खात बसलेली, काटे फुलवून.

"वहिनी, जरा सरकता का? मला बैठक मारायचीय."

"मारा की. मी नाही सरकणार. आत्ता कुठं ऊन लागलंय."

आता मागं सायाळ असल्यावर कोण पाय जुळवून उभं राहील? कोंडिबानं पाय खांद्याएवढे फाकवले, चवडे जरा बाहेर वळवले, टाचा भुईत रोवल्या. बूड मागं नेलं, पण कसं? अंधारात पाट शोधावा तसं, हळूहळू, अंदाज घेत. मान वळवून बघायला गेला, तर वहिनी म्हणाली, "मागं काय बघताय? समोर बघा, छाती वर ठेवा. माझ्यावर पडलात तर तुमचंच वाटोळं."

गुडघे आत यायला लागले. "लाजताय काय नव्या नवरीसारखे? चवडे जिकडं, गुडघे तिकडं."

कोंडिबानं श्वास कोंडला. "अहो श्वास घ्या. इथं मेलात तर ओढून कोण नेणार? खाली जाताना घ्या, उठताना सोडा."

बुडाला एक काटा टोचला. कोंडिबा टाचांवर जोर देऊन सरळ वर आला. आपला आपण.

त्या दिवशी थोड्याच बैठका मारल्या. पाय थरथरले तसा थांबला. मग हे रोजचंच झालं. थंडी होती तोवर वहिनी उंच खडकावर बसायची, म्हणून कोंडिबाची बैठक अर्धीच व्हायची. फाल्गुनात खडक तापायला लागला, ती झाडाच्या खालच्या मुळीवर आली. कोंडिबाही तेवढाच खाली गेला. चैत्र लागला तशी ती सावलीच्या गारव्याला भुईलाच टेकली. कोंडिबा पार खाली जाऊन वर यायला लागला. दोघांनाही त्यात विशेष काही वाटलं नाही.

करकोच्याची परत जायची वेळ झाली. सगळं जंगल निरोपाला जमलं. कोंडिबा वस्तादाच्या पाया पडायला पुढं झाला. पाय फाकवले, छाती वर, सावकाश खाली बसला, पायांना हात लावला आणि कुठंही न टेकता उठला.

"चुकलं," वस्ताद म्हणाला. "गुडघे पुढं आले."

"कच्चा आहे अजून," रानडुक्कर म्हणालं. त्याला दोघांनी कंबरेला धरून उभं केलं होतं.

वस्ताद उडून गेला. जंगल पुढच्या हिवाळ्यापर्यंत गुडघे सुधारायला घरी गेलं. कोंडिबा तिथून निघाला तो मोहाखाली गेला. फुलं पडली होती. तो बसला, वेचली, उठला, पुढं सरकला, परत बसला. ऊन चढायच्या आत टोपली भरली. त्यातली ओंजळभर त्यानं सायाळवहिनीच्या दारात ठेवली.

तात्पर्य : वस्तादाचे पाय धरावेत, बघू नयेत.

कोंडिबानं हे तात्पर्य शेजारणीला ऐकवलं आणि म्हणाला, "पण वहिनी, खरं तर तुम्हीच शिकवलंत."

सायाळवहिनीनं एक फूल तोंडात टाकलं आणि म्हणाली, "मी कुठं काय शिकवलं, भावजी? डोक्यानं शिकायला गेलात, तेव्हा पाठीवर पडलात. बुडाला भीती होती, म्हणून उठलात."