हरवलेले चार इंच

शाळेचा फॉर्म वाचून मास्तरांनी सहीसाठी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा एकदा वाचला, आणि टोपण परत लावून टाकलं.

"नववीला ऐच्छिक तंत्रविषय, चारातला एक. संगणक, विजेची कामं, अन्नप्रक्रिया, तांत्रिक रेखाचित्र," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "आणि आमच्या बाईसाहेबांना हवंय काय? तर शेवटचं! चित्रं काढून पोट भरतं का गं?"

"चित्रं नाहीत बाबा, आराखडे. घराचे, यंत्रांचे. सगळं मापात काढायचं असतं," बारकी म्हणाली.

बारकी ही मास्तरांची एकुलती एक लेक. अंगापिंडानं लहान म्हणून घरात नाव पडलं बारकी, पण एकदा मनात घेतलं की मागं हटायची नाही. आणि मास्तर म्हणजे टेलर मास्तर. तेवीस वर्षं एकच टेप गळ्यात घालून गल्लीतल्या यच्चयावत माणसांचे कपडे त्यांनी शिवले होते. आपल्या घरात दुसऱ्या कुणी 'माप' हा शब्द उच्चारावा, हे त्यांना जरा झोंबलंच.

"असं? मग ह्या घराचाच आराखडा काढून दाखव. बरोबर आला तर सही. एक इंच जरी चुकला तर मुकाट्यानं संगणक घ्यायचा. सोमवारी शेवटचा दिवस आहे ना फॉर्मचा?"

"हो. चालेल," बारकी म्हणाली.

तिनं शाळेतून स्टीलची टेप मागून आणलीच होती. रविवारची अख्खी सकाळ ती कोपऱ्याकोपऱ्यातून रांगली, शिलाई मशिनखाली शिरली, डोक्याला जळमटं लावून बाहेर आली. दुपारी तिनं कागद पुढ्यात ठेवला, तेव्हा मास्तरांनी तो उचलून उजेडात धरला. दारं, खिडक्या, भिंतींची जाडी, कोनाडासुद्धा! रेघ अशी स्वच्छ, की त्यांच्या स्वतःच्या खडूला कधी जमली नसती. पण कौतुक लगेच बाहेर काढेल तो बाप कसला?

"पुढच्या खोलीची रुंदी एकवीस फूट म्हणतेस? बघू," म्हणत त्यांनी गळ्यातली टेप काढली. पाच फुटांची टेप ती. "टोक धरा कुणीतरी," म्हणून मागं न बघताच चार वेळा पुढं सरकवली, उरलेला तुकडा मोजला. वीस फूट आठ इंच!

"चार इंच चुकलीस! संगणक!"

बारकीचा चेहरा उतरला. तेवढ्यात आईनं कपाटातून घराच्या वाटणीचा कागद आणला. जुनं घर मास्तर आणि त्यांचा धाकटा भाऊ यांच्यात मधोमध भिंत घालून वाटलेलं. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, पुढची खोली प्रत्येकी एकवीस फूट.

"बघा, पोरीचं बरोबर आहे," आई म्हणाली.

"हिनं कागद बघून आकडा टाकला असेल," मास्तर म्हणाले. मग त्यांचे डोळे बारीक झाले. "कागद खरा, आणि माझी टेप तर खरीच. म्हणजे भिंत सरकली! गेल्या वर्षी धाकट्यानं भिंतीला गिलावा केला, तेव्हाच मला शंका आली होती."

शंका वगैरे काही आली नव्हती. पण आता आली म्हटल्यावर ती गप्प बसते थोडीच? मास्तर तरातरा शेजारच्या दारात गेले.

धाकटा भाऊ सुतार. रंधा मारता मारता त्यानं सगळं ऐकून घेतलं. "दादा, भिंतीला पाय फुटले का? थांब." त्यानं स्वतःची खोली मोजली. बरोबर एकवीस. "माझी बाजू वाढली असती तर एकवीस फूट चार इंच नसती का भरली? चल, तुझीही मोजून देतो."

"माझ्या मापावर तू माप घेणार?" मास्तर कडाडले. "कापड कापणाऱ्याचा हात आहे हा!"

"आणि मी काय गवत कापतो? आजपासून तुझा चहा तुझ्याकडे, माझा माझ्याकडे!"

गेल्या वीस वर्षांत दोघा भावांनी संध्याकाळचा चहा कधी वेगळा घेतला नव्हता. पण शब्द तर तोंडातून गेला होता. आता चार इंच कुठं तरी सापडणं भाग होतं. घराच्या दुसऱ्या अंगाला बेकरीच्या भट्टीची भिंत होती. मास्तरांनी मोर्चा तिकडं वळवला.

बेकरीवाला कोपरापर्यंत पिठानं माखलेला होता. "मास्तर, भट्टीत पाव फुगतो, भिंत नाही फुगत!" तो ओरडला. "मी चोर? माझ्या सहा कामगारांचे कोट तुम्ही शिवता ना? उद्यापासून दुसरा शिंपी बघतो!"

आरडाओरडा ऐकून सुतार भाऊही आला, मागून आई आली. बेकरीवाला म्हणाला, "नुसतं तोंडानं कशाला? सुतारदादा, आणा तुमची टेप. आत्ता सगळ्यांसमोर मोजू. दूध का दूध, पानी का पानी!"

भाऊ टेप आणायला वळला, आणि बारकी धावत पुढं आली.

"काका, नका मोजू. चूक माझी आहे. बाबा मोजत होते तेव्हा टेपचं टोक मी धरलं होतं. दर वेळी इंचभर सुटलं हातून."

"चारदा टेप, चार इंच!" भाऊ हसत सुटला. "घे दादा, सापडली तुझी भिंत!"

बेकरीवालाही हसला. कोट वाचले, चहा वाचला. मास्तरांनी मात्र घरी येताच फॉर्मवर 'संगणक' लिहिलं आणि खाली झोकात सही ठोकली.

"साधं टोक धरता येत नाही, आणि म्हणे आराखडे!"

बारकी आराखडा गुंडाळून आत गेली. आईनं भांडं आदळलं. "टोक तिनं कुठं धरलं होतं? मी धरलं होतं! आणि माझ्या हातून काही सुटत नाही. इतकी वर्षं तुमचा संसार धरलाय ह्याच हातांनी."

मास्तरांचा हात आपोआप गळ्याकडे गेला. त्यांनी टेबलावर बारकीची स्टीलची टेप पसरली, तिच्याशेजारी आपली. साठाचा आकडा स्टीलच्या एकसष्टावर जाऊन बसला होता. तेवीस वर्षं ओढून ओढून टेप इंचभर लांबली होती.

"बारके! म्हणजे आजवर मी सगळ्यांचे कपडे..."

"कपडे बरोबरच आहेत बाबा," ती दारातून म्हणाली. "माणूस ह्याच टेपनं मोजलात, कापडही ह्याच टेपनं. दोघांशी सारखंच खोटं बोलली ती. भिंतीशी पहिल्यांदाच गाठ पडली."

"तुला ठाऊक होतं?"

"तुम्ही काकाकडं गेलात तेव्हा दोन्ही टेपा लावून बघितल्या. मी सांगायला येईपर्यंत तुम्ही बेकरीत."

"मग तिथं बोलली का नाहीस? तुझा विषय गेला ना!"

"बेकरीवाल्या काकांसमोर? उद्या गल्लीभर झालं असतं, मास्तरांची टेप खोटी म्हणून."

चौदा वर्षांची पोर, आणि केवढं तिचं काळीज! आपण तिची इंचानं परीक्षा घेत होतो, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

सोमवारी दुकान बंद ठेवून ते स्वतः शाळेत गेले. खिडकीमागच्या कारकुनानं फॉर्म उलटसुलट केला. "सही झाल्यावर विषय बदलायचा तर कारण द्यावं लागतं. सांगा, मी लिहितो."

"जरा माप चुकलं," मास्तर पुटपुटले.

"मोठ्यानं बोला, पंखा वाजतोय. कुणाचं चुकलं, मुलीचं?"

मास्तरांनी मागं पाहिलं. रांगेत त्यांच्या पाठीशीच, भाच्याचा फॉर्म घेऊन बेकरीवाला उभा! नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. मास्तरांनी घसा खाकरला.

"नाही. मुलीचं माप अचूक होतं," ते साऱ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणाले. "माझी टेप खोटी आहे. साठ इंचांत एक इंच कमी दाखवते. लिहा, आणि विषय लिहा तांत्रिक रेखाचित्र."

बेकरीवाला दोन पावलं पुढं आला. आता कोट गेले, मास्तरांनी मनाशी धरलं.

"मास्तर," बेकरीवाला त्यांच्या कानाशी लागून कुजबुजला, "म्हणजे माझी कंबर चाळीस नाही?"

"नाही. पाऊणएक इंच जास्त आहे."

बेकरीवाल्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि श्वास घेऊन पोट आत ओढलं. "कोट तुमच्याकडेच," तो म्हणाला, "पण मोजायचं ते जुन्याच टेपनं!"